काय गो, रिकामी हायेस?

आमच्या कंपनीच्या गेटाशी बाहेर जाणारी गाडी थांबली की वॉचमन काका ड्रायव्हरकडे बघायचे नाहीत आणि त्याने पुढे केलेल्या कागदाकडेही नाही. एक हात स्वतःच्या गुडघ्यावर, दुसरा मडगार्डवर ठेवून ते वाकायचे, मान तिरकी करून चाकाच्या वरच्या अंधारात बघायचे आणि थेट गाडीलाच विचारायचे, "काय गो, रिकामी हायेस?"

गाडी काही बोलायची नाही. काका मात्र उत्तर ऐकल्यासारखे मान हलवायचे, टायरवर दोन बोटं टेकवायचे आणि मग कागद मागायचे. कागदातलं आणि गाडीतलं जुळलं तर म्हणायचे, "जाऊंदे." नाही जुळलं तर गेटाच्या दांड्यावर हात ठेवून उभे राहायचे. नवीन ड्रायव्हर हसायचे. जुने इंजिन बंद करून खाली उतरायचे, कारण त्यांना माहीत होतं की आता सगळा माल उतरवावा लागणार.

तुम्ही कधी हायवेला चहा पीत उभे असाल तर समोरच्या ट्रकच्या चाकांवर एकदा नजर टाका. तिथे लोखंडी पट्ट्यांची एक थप्पी दिसेल. ड्रायव्हर लोक तिला पाटे म्हणतात. गाडी रिकामी असली की पाटे कमानीसारखे वाकलेले राहतात आणि माल भरला की दबून सपाट होतात. काकांनी हे मला पहिल्याच आठवड्यात दाखवलं. "डायवर खोटं बोलंल, कागद खोटं बोलंल. पाट्यांना खोटं बोलताच येत नाय गो."

मी किनवटकडची. सातवीनंतर शाळा सुटली. नवऱ्याच्या मागे रोह्याला आले, पुढे तो कंत्राटी कामावर गुजरातला गेला आणि मुलीची शाळा मोडायला नको म्हणून मी इथेच थांबले. एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीला बायका कामगारांच्या पिशव्या तपासायला गेटवर बाई पाहिजे होती. "तीन महिने बघू, जमलं तर ठेवू," असं कंत्राटदार म्हणाला. त्या तीन महिन्यांत मला नीट झोप लागली नाही. घराला कुलूप लावल्यावर मी ते दोनदा ओढून बघते, थोडं चालून गेल्यावर परत येऊन तिसऱ्यांदा बघते. हीच सवय मी गेटवरही नेली. केमिकलचे ड्रम ठेवायच्या जाळीच्या खोलीचं कुलूप मी येता-जाता ओढायची.

"तुला बघून कुलूप घाबरतंय गो," काका म्हणायचे. "पन राहूंदे. गेटला असंच मानूस पायजे. ज्याला झोप लागते त्याने हापीसात बसावं."

काका तेव्हा सत्तरीच्या आसपास असतील. पेणच्या बाजूचे, धरमतरच्या खाडीवरचे. बाप मिठागरात राबलेला. रोज पॅसेंजरने रोह्याला यायचे. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट. माझी ज्वारीची भाकरी त्यांना गंमत वाटायची. "हे खाल्लं की दातांची परेड व्हते," म्हणायचे, आणि अर्धी भाकरी उचलायचे. त्यांच्या सुकटीच्या वासाने सुरुवातीला मी तोंड फिरवायची. महिन्याभरात मीच विचारायला लागले, "काका, आज जवळा नाही आणला?" एकदा त्यांनी खाडीकडचं जाड मीठ पुडीत बांधून आणलं. "तुमच्याकडं समुद्र नाय, म्हनून आनला." ते मीठ मी अजून संपवलेलं नाही. चिमूटभर राहिलंय, ते राहू दिलंय.

मला सगळ्यात जास्त भीती होती रजिस्टरची. गाडी आली की नंबर, वेळ, आत काय, सगळं लिहायचं. काकांनी एकच नियम सांगितला. "जे दिसलं तेच लिव. जे सांगितलं ते नाय."

"आणि दिसलंच नाही तर?"

"तर वाक."

एवढ्या कडक नियमाचा माणूस दिवसभर मात्र हसतमुख असायचा. मॅनेजरच्या गाडीसमोरही वाकायचे आणि "काय गो, साहेब एकटेच हायेत काय?" असं गाडीला विचारायचे. मॅनेजर काच खाली करून म्हणायचे, "काका, डिकी उघडू का?" काका म्हणायचे, "नको साहेब, पाटे सांगतात तुम्ही नाश्ता करून आलाय."

मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाची एक लकब, दुसरं काय. एका दुपारी चहा पिताना मी विचारलं की ही सवय लागली कुठे. काकांनी बशी खाली ठेवली आणि पुढचं सगळं कालच घडल्यासारखं सांगितलं.

तरुणपणी ते धरमतरच्या बार्जवर खलाशी होते. तिथून मुंबईला जाऊन परदेशी मालवाहू जहाजावर चढले. एका फेरीत जहाज अरबी समुद्रापलीकडच्या एका बंदराला लागलं. बंदराचं नाव त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. तेव्हा अफगाणिस्तानात रशियाचं सैन्य होतं आणि त्याच्याशी लढणाऱ्यांना दुसरे देश चोरून हत्यारं पोचवत होते.

"ते युद्ध कागदावर नव्हतंच गो," काका म्हणाले. "आमच्या कागदावर लिवलेलं, शेतीची अवजारं. सहा जनांना एक पेटी उचलत नव्हती. असला कसला नांगर, तूच सांग."

पेट्या ट्रकमध्ये चढल्या. प्रत्येक ट्रकच्या काचेला एक कागद चिकटवलेला, की या गाडीला कोणी अडवू नये. ट्रक डोंगराकडे गेले. जहाज दुरुस्तीसाठी तिथेच अडकलं. खलाशांना उतरायची परवानगी नव्हती, म्हणून काका कठड्याला टेकून नुसते बंदराकडे बघत बसायचे. काही दिवसांनी तेच ट्रक परत आले. लहानपणी त्यांनी मिठाच्या गाड्या भरलेल्या, त्यामुळे डोळे सवयीने चाकांकडे गेले.

"जाताना जेवढे पाटे दबलेले, येताना बी तेवढेच. आनि काचेवर तोच कागद."

ट्रकमधून लाकडी पेट्या परत जहाजावर चढायला लागल्या. काकांच्या हातात खडू आणि पाटी देऊन वरच्या अधिकाऱ्याने सांगितलं, लिही, रिकाम्या पेट्या परत. काकांनी एका पेटीचं टोक उचलून पाहिलं. उचललं गेलं नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग लिवलं. रिकाम्या." ते बशीतल्या चहाकडे बघत होते. "मी बघितलं, आनि लिवताना नाय बघितलं."

पुढे कितीतरी वर्षांनी त्या युद्धाबद्दल वर्तमानपत्रांत येत गेलं तेव्हा त्यांना त्या पेट्यांचा अर्थ लागला. हे त्यांनी मला ट्रकवाल्यांच्या भाषेत समजावलं, आणि मला वाटतं याहून सोपं कोणी सांगू शकणार नाही. "कुठला ट्रकवाला रिकामा परत येतो गो? परतीचं भाडं शोधतोच. वर बंदुका नेल्या, खाली अफूचं गर्द आनलं. अडवू नये हा कागद जाताना चालतो तसा येताना बी चालतो. ज्यांनी तो दिला त्यांना युद्ध जिंकायचं व्हतं. परत काय येतं ते बघायला त्यांना टाइम नव्हता. का बघायचंच नव्हतं, देव जाने."

त्यांचा धाकटा भाऊ त्याच सुमारास मुंबईच्या गोदीत हमाल होता. गर्दच्या नशेला लागला आणि दोन वर्षांत संपला. काका हे सांगताना रडले वगैरे नाहीत. फक्त म्हणाले, "त्या पेट्यांतलंच असंल असं नाय. पन नव्हतं असं बी मी कसं सांगू? मीच रिकाम्या लिवलेलं."

मग उठले, बशी विसळली आणि गेटाशी आलेल्या टँकरसमोर जाऊन वाकले. "काय गो, तू कोन?"

आमच्या कंपनीत गोळ्या-औषधांचा कच्चा माल बनतो. त्याला एक द्रव लागतो. आंबट, नाकात घुसणारा वास. कामगार त्याला नुसतं 'ए.ए.' म्हणतात. काका नोकरीला लागले तेव्हा एका अधिकाऱ्याने नवीन लोकांना बसवून सांगितलं होतं की हे औषधाला लागतं, पण याच्याशिवाय अफूचं गर्दही होत नाही, म्हणून प्रत्येक ड्रमला नंबर आहे आणि सरकार त्याचा हिशेब मागतं. बाकीचे जांभया देत होते. काका उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, जाळीची चावी मना द्या." त्या दिवसापासून चावी त्यांच्या कमरेला होती.

आता माझ्या चुकीबद्दल. तीन महिन्यांतले दहा-बारा दिवस उरले होते. रिकामे ड्रम धुण्यासाठी पेणच्या बाजूला न्यायचे म्हणून सकाळी एक टेम्पो आला. नेमकी पाळी बदलायची वेळ. बायकांची रांग लागलेली, त्यात मुलीच्या शाळेतून फोन की तिला ताप आहे. मी टेम्पोत लांबून डोकावले. तळाला निळी ताडपत्री अंथरलेली दिसली. रजिस्टरमध्ये लिहिलं, टेम्पो, आत येताना, रिकामा. वाकले नाही.

दुपारी एकच्या सुमाराला काका डबा खायला गेले होते. तोच टेम्पो ड्रम भरून गेटाशी आला. मागोमाग सुपरवायझर साहेब घाईघाईने. माणूस वाईट नव्हता, पण दोन वाजता ऑडिटवाले येणार होते आणि त्यांना आवारात एकही रिकामा ड्रम दिसायला नको होता.

"बाई, सही करा. तपासत बसू नका, वरून फोन आहे. गाडी सोडायची."

पेन माझ्या हातात होतं. पण 'तपासू नका' ऐकल्यावर माझे गुडघे आपोआपच वाकले. चाकाच्या वर बघितलं. पाटे सपाट झाले होते.

रिकाम्या ड्रमांनी पाटे दबत नाहीत. म्हणजे टेम्पोत दुसरं काहीतरी होतं. ते ड्रमांत असेल तर ए.ए. बाहेर चाललं होतं. ताडपत्रीखाली असेल तर सकाळीच आत आलं होतं, आणि सकाळी 'रिकामा' मी लिहिलं होतं, माझ्या अक्षरात. गाडी सोडली तर माझी चूकही तिच्याबरोबर निघून जाणार होती. थांबवली तर ती सगळ्यांसमोर उघडी पडणार होती आणि नोकरी गेल्यात जमा होती. घरभाडं, मुलीची शाळा, सगळं त्या गेटवर टांगलेलं.

"साहेब, पाटे दबलेत," मी म्हटलं. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही, म्हणून परत म्हटलं.

"तुम्हाला काय कळतं पाट्यांतलं? सही करा."

ड्रायव्हर खिडकीतून हसला. "ताई, गाडी म्हातारी हाय. तिचे गुडघे गेलेत. सकाळी चढन चढली तवापास्नं बसलीय ती."

"तिचे असतील, माझे नाही," मी म्हटलं. "मी काकांना बोलावते."

काका उष्ट्या हाताने तसेच आले. टेम्पोसमोर वाकले. नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकून राहिले. "काय गो," एवढंच म्हणाले. त्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. तसा चेहरा मी त्यांचा आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

"सगळे उतरवा," ते म्हणाले.

"काका, ऑडिट आहे," साहेब जवळजवळ रडकुंडीला आले. "वरून फोन आहे."

"असूंदे. तसला फोन मी आधी बी ऐकलाय."

तीस ड्रम एकेक करून खाली आले. प्रत्येक ड्रमवर काका बोटाच्या पेराने टक् करून वाजवत होते. पहिला पोकळ. दुसरा पोकळ. दहावा पोकळ. चारदोन ड्रम घरंगळत रस्त्यावर गेले आणि नेमकी समोरून ऑडिटवाल्यांची गाडी आली. टाय लावलेला एक माणूस खाली उतरून आपल्याकडे येणारा ड्रम पायाने अडवून उभा राहिला. साहेबांनी डोक्याला हात लावला. तिसावा ड्रमही पोकळ निघाला.

मग काकांनी ताडपत्री ओढली. खाली पोत्यांची एक सलग फळी. काकांनी चावीच्या टोकाने एका पोत्याची शिवण उसवली, आत बोट घातलं, बाहेर काढून बघितलं. करडं, गुळगुळीत. वास घेतला. मग ते बोट चक्क जिभेला लावलं.

"माती हाय," काका म्हणाले.

शाडूची माती होती. ड्रायव्हर पेणजवळच्या हमरापूरचा, गणपतीच्या मूर्तींच्या गावचा. वाटेतल्या खांब गावात कुणीतरी गणपतीचा कारखाना बंद केला होता, त्याची उरलेली माती याच्या मेहुणीच्या कारखान्याला पाहिजे होती. आमच्या कंपनीत येता येता त्याने पोती भरून घेतली, वर ताडपत्री, तिच्यावर ड्रम. कंपनीच्या फेरीत दुसरा माल घ्यायचा नाही असा नियम, म्हणून बोलला नाही. खाली मान घालून म्हणाला, "काका, रिकामं यायचं जिवावर आलं."

लोक पोट धरून हसले. कॅन्टीनचे आचारी बाहेर आले. कोणीतरी ओरडलं, "बाईंनी गणपती पकडला." मी भिंतीला टेकून उभी होते. आता रजिस्टर उघडणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

काका मात्र माझ्याकडे आले आणि त्यांचा चेहरा, काय सांगू, दिवा लागल्यासारखा झाला होता. बोटाला माती तशीच होती.

"माती निघाली गो," ते हळूच म्हणाले. "एवढी वरसं मी गाड्या बघतोय. दबलेली गाडी अडवली, उघडली, आनि आत माती निघाली. हे मना एकदा बघायचं व्हतं."

"काका, सकाळी रिकामा मी लिहिलं. मी वाकले नाही."

"म्हायती हाय. तू वाकली नायस ते लांबनं बघितलं व्हतं, रजिस्टर बी दहालाच वाचलंय."

"मग बोलला नाहीत?"

"लिवून झालेलं व्हतं. आता काय करतेस ते बघायचं व्हतं." बोटावरची माती चोळत म्हणाले, "मी तवा बोट नव्हती थांबवली गो. तू टेम्पो थांबवलास."

संध्याकाळी चौकशी झाली. मॅनेजरनी रजिस्टर मागवलं. मी हात जोडून काही बोलायच्या आत काका पुढे झाले आणि माझ्या ओळीखाली स्वतःच्या हाताने लिहिलं. नंतर मी ते वाचलं. मोठी, मिठाच्या खड्यांसारखी अक्षरं: 'ही शिकत आहे. शिकवणारा मी. येणारी गाडी बघायचं मी हिला नीट शिकवलं नाही, जाणारीच शिकवली. चूक माझी.' त्यात एक शब्दही खोटा नव्हता. येणाऱ्या गाड्यांना ते स्वतः वाकायचे, मला त्यांनी बाहेर जाणाऱ्या गाड्यांचंच शिकवलं होतं. तरी ते वाचून मला रडू आलं.

कंत्राटदाराने मला कायम ठेवलं. काकांचं वय तसंही उलटून गेलेलं, पुढच्या महिन्यात त्यांचं कंत्राट वाढवलं नाही. मला वाटलं ते खचतील. शेवटच्या दिवशी जाळीची चावी माझ्या हातात देऊन म्हणाले, "कुलूप ओढून बघ. तीनदा." आणि पॅसेंजर गाठायला चालू लागले. जाताना मॅनेजरच्या गाडीला विचारायला विसरले नाहीत.

आता मी वाकते. येणाऱ्या गाडीलाही आणि जाणाऱ्यालाही. नवीन पोरं हसतात. माझ्या युनिफॉर्मचा डावा गुडघा नेहमी मळलेला असतो. गाडीला तोंडाने विचारायचं धाडस मला अजून होत नाही, मनातल्या मनात विचारते.

दिवाळीनंतर काका गेले. झोपेतच, असं त्यांच्या मुलाने फोनवर सांगितलं. पण मला ते शेवटचे दिसले त्याच्या आधी, गणपतीच्या तोंडावर. मुलीला घेऊन मी हमरापूरला लहानशी मूर्ती आणायला गेले होते. मुद्दाम त्या ड्रायव्हरच्या मेहुणीच्या कारखान्यात गेले. दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर काका. ड्रायव्हरने घरी जाऊन त्यांना शोधून इथे कामाला आणलं होतं. रंगाचे डबे उचलून दे, पोरांना हाक मार, असली कामं. मला बघून म्हणाले, "आलीस गो? तुमचा ए.ए. बरा हाय ना?" माझ्या मुलीच्या हातावर त्यांनी पोह्याचा पापड ठेवला आणि तिला विचारलं, आई अजून कुलूप ओढते काय.

तेवढ्यात तोच टेम्पो मूर्ती भरून निघाला. गवतात बसवलेले, प्लास्टिक पांघरलेले गणपती, एकाला एक लागून. काका खुर्चीवरून उठले. कोणी सांगितलं नव्हतं, कोणाला गरजही नव्हती. एक हात गुडघ्यावर, एक मडगार्डवर. मान तिरकी करून त्यांनी चाकाच्या वर बघितलं. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि वाट बघत राहिला.

"काय गो, भरलेली हायेस?" काकांनी विचारलं.

टायरवर दोन बोटं टेकवली. मग कंबरेवर हात ठेवून सावकाश सरळ झाले आणि माझ्याकडे बघून हसले.

"भरलेली हाय. आनि तसंच सांगते," ते म्हणाले. "जाऊंदे."